मी टाइप केलेली पत्रं

नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळ, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून एक परमिट रूम होती. खाली बार आणि वर फॅमिली सेक्शन. त्या फॅमिली सेक्शनमध्ये कुठली फॅमिली कधी आल्याचं मला आठवत नाही. नव्वदच्या दशकातली मधली काही वर्षं दर रविवारी दुपारी तीन ते सहा ती वरची खोली आम्हा कवींच्या ताब्यात असायची. त्या वेळी तसंही गिऱ्हाईक नसे, आणि मालकाला, ज्याला सगळे शेठ म्हणायचे, आपल्या जागेत प्राध्यापक येऊन बसतात याचं अप्रूप होतं. रस्त्यावरच्या ट्रकांमुळे कविता ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यानेच एक माइक आणि जुना स्पीकर आणून दिला. ज्याला वाचायचंय त्याने माइकसमोर उभं राहायचं. मज्जाव कुणालाच नव्हता.

मज्जाव नव्हता, पण चमचे होते. नियम आमच्या सरांनी घातलेला. सर एका कॉलेजात मराठी शिकवायचे, त्यांचे दोन संग्रह निघाले होते, आणि आमच्यात तेवढा एकच छापील माणूस. त्यांनी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं की कविता सहन होईनाशी झाली की ऐकणाऱ्याने चमच्याने ग्लास वाजवायचा. तीन ग्लास वाजले की कवीने खाली बसायचं. सर म्हणायचे, टाळ्या सगळीकडे मिळतात, इथे खरं मत मिळेल. आम्ही दहाबारा जण होतो. बहुतेक नोकरी करणारे, तिशीतले, घरी कुणी विचारत नाही असे. ग्लास वाजवण्यात जी मजा होती ती कविता वाचण्यात नव्हती, हे आम्हाला दोनतीन रविवारातच समजलं. मी एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. आठवडाभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं बडवायचो आणि रविवारी सरांच्या शेजारी बसून चमचा वाजवायचो. माझा हात फार चटकन उठायचा. सरांना ते आवडायचं.

एकच माणूस चमच्याला कधी हात लावत नसे. त्यांना आम्ही काका म्हणायचो. पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर म्हणून ते रिटायर झाले होते. दारू प्यायचे नाहीत, एक लिंबू सोडा तीन तास पुरवायचे. पंपावरच्या रात्रपाळीत लिहिलेल्या तीस वर्षांच्या कविता एका जाड, कापडी बांधणीच्या वहीत होत्या. मुळात ती पाण्याच्या पातळीची नोंदवही, म्हणून प्रत्येक पानावर तारीख, वेळ, फूट, इंच असे रकाने छापलेले. काका कविता रकान्यांतूनच लिहायचे. एक ओळ दोन रकाने ओलांडून जायची. त्यांच्या वयाला मान म्हणून आम्ही त्यांच्या कवितेला ग्लास वाजवायचो नाही, पण ऐकायचोही नाही.

एका जानेवारीत पिंपळगाव बसवंतहून एक जण यायला लागला. तिथल्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये तो सुपरवायझर होता. जहाजाने परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या पेट्या भरून घ्यायच्या, आत लावायच्या, बाहेर काढायच्या. दिवसभर थंडीत काम असल्यामुळे त्याच्या अंगात बारमाही स्वेटर असायचा, आणि पेटीत बुरशी लागू नये म्हणून जो गंधकाचा कागद घालतात त्याचा वास त्याच्या कपड्यांना यायचा. पहिल्याच दिवशी विमा एजंट असलेल्या आमच्या एका मित्राने त्याचं नाव ठेवलं, थंडोबा. त्याच्या पाठीमागे सगळे तेच म्हणायचे. पाठीमागे म्हणजे फार लांब नाही, शेजारच्या टेबलावर.

त्याच्या कविता वाईट होत्या. पेटीवर चिकटवायच्या लेबलांच्या मागच्या बाजूला तो लिहायचा आणि ती लेबलं पत्त्यांसारखी हातात धरून वाचायचा. आई, माती, देश. चौथ्या ओळीपर्यंत तीन ग्लास वाजायचे. तो मान डोलवायचा, खाली बसायचा, आणि पुढच्या रविवारी परत यायचा. "लय लांबलं का?" एवढंच विचारायचा. मी सांगायचो, हो, जरा लांबलं. वाचलेल्या असायच्या चार ओळी.

फेब्रुवारीत एका दुपारी तो उभा राहिला आणि त्याने एकच लेबल खिशातून काढलं.

"पेटीत कागदाखाली द्राक्षं निजलीत.
हळू बोला.
त्यांना अजून समुद्र बघायचाय.
आपण तर नाशिकबी नीट बघितलं नाय."

संपलं. तो खाली बसला. कुणाचाही ग्लास वाजला नाही. वाजवायला वेळच मिळाला नाही असं मी नंतर स्वतःला सांगितलं, पण ते खरं नव्हतं. माझा चमचा माझ्या हातात होता आणि मला तो उचलता आला नाही. मी सहा वर्षं लिहीत होतो. माझ्या वहीत त्या चार ओळींच्या जवळपास जाणारं काही नव्हतं, आणि ते मला त्याच क्षणी स्वच्छ दिसलं. काका उठले, त्याच्याजवळ गेले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

सरांनी बिअरचा घोट घेतला आणि म्हणाले, हे कुणाचं तरी उचललेलं आहे.

"नाय सर," तो म्हणाला, "हे आमच्या स्टोअरमधलं हाय."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

पत्राची कल्पना सरांची, पण टाइप मी केलं. सोमवारी वकीलसाहेब कोर्टात गेल्यावर सर ऑफिसात आले आणि खुर्ची ओढून बसले. पुण्यातली एक प्रकाशन संस्था आम्ही रचली. सदाशिव पेठेतला घर क्रमांक रचला. एक भारदस्त नावाचा संपादक रचला. आपल्या कवितांविषयी एका जाणकाराकडून ऐकलं, संग्रह काढण्याचा मानस आहे, निवडक कविता आमच्या प्रतिनिधीमार्फत पाहिल्या आहेत, असं सर सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो. त्याचा पत्ता त्यानेच हौसेने सगळ्यांना लिहून दिलेला होता. विमा एजंट त्या आठवड्यात मीटिंगला पुण्याला जाणार होता. शिक्का पुण्याचा उमटावा म्हणून पत्र त्याने तिथल्या पेटीत टाकलं. हे आम्हा तिघांनाच माहीत होतं.

पुढच्या रविवारी तो पेढे घेऊन आला. पत्र त्याने माइकवर वाचलं, वरच्या पत्त्यापासून खालच्या सहीपर्यंत. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांच्या टाळ्या खऱ्या होत्या, थोड्या जळक्या, पण खऱ्या. काकांनी पत्र हातात घेतलं, चष्मा पुसला, आणि ते पुन्हा स्वतःशी वाचलं. मग म्हणाले की आपल्यातल्या एकाचं पुस्तक निघतंय म्हणजे आपल्या सगळ्यांचंच निघतंय. मी टेबलाखाली एजंटाच्या पायावर पाय दिला, कारण तो हसण्याच्या बेतात होता.

गंमत तिथे संपवता आली असती. संपवली नाही, कारण आता मलाच त्यात गोडी वाटायला लागली होती. दुसरं पत्र मी एकट्याने रचलं, सरांना नुसतं दाखवलं, आणि पुन्हा एजंटाकरवीच पुण्याहून टाकलं. त्यात संपादकाने लिहिलं की कविता उत्तम आहेत, मात्र भाषा ग्रामीण आहे, ती शुद्ध करावी. द्राक्ष हा शब्द व्यापारी वाटतो, तो टाळावा. विशेषतः त्या पेटीच्या कवितेवर संस्कार व्हावेत. ती कविता मी मुद्दाम निवडली होती. मला ती मोडायची होती, आणि ती त्याच्याच हाताने मोडून घ्यायची होती.

त्याने मोडली. तीन आठवडे तो शब्दकोश घेऊन बसला होता, असं त्यानेच सांगितलं. दिवसा पेट्या आणि संध्याकाळी शब्दकोश. मग एका रविवारी त्याने वाचलं, "मंजूषेत पर्णाच्छादित फलराशी निद्रिस्त, मंद स्वरे वदा..." दुसऱ्या ओळीलाच ग्लास वाजले. पहिला माझा होता. त्याने गोंधळून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला की पुण्याच्या साहेबांनी असंच सांगितलंय. सर म्हणाले, मग त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत असेल, तुम्ही त्यांचंच ऐका. काका तेवढे म्हणाले, "अहो, ती आधीची चांगली होती हो." त्याने काकांचं ऐकलं नाही. छापणारा माणूस पुण्यात होता आणि काका लिंबू सोडा पीत होते.

तिसऱ्या पत्रात आम्ही त्याला भेटायला बोलावलं. मार्च महिना, द्राक्षांचा ऐन सीझन, स्टोअरमधून रजा मिळणं अवघड. त्याने ती मिळवली. बायकोलाही बरोबर नेणार होता. तिने पुणं पाहिलं नव्हतं. तो ज्या दिवशी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार मला चांगला आठवतो. सरांनी बिअर मागवली आणि तो आदल्या दिवशी सदाशिव पेठेत कुठकुठल्या बोळांत फिरला असेल याचं वर्णन केलं. आम्हा तिघांनाच कळेल अशा भाषेत ते बोलत होते आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतो. बाकीच्यांना वाटलं, बिअर चढली.

त्याच्या पुढच्या रविवारी तो आला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. चेहरा नेहमीचाच होता. माइकपाशी गेला आणि म्हणाला की आज कविता नाही, पुण्याची हकीकत सांगतो.

आणि त्याने सांगितली. घर जुनं होतं, लाकडी जिना होता. संपादक वयस्कर, धोतरातले, कानांवर केस. त्यांनी बायकोला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. चहा आला, त्याबरोबर खारी आली. त्यांनी कविता मोठ्याने वाचून दाखवल्या. पाऊण तास बसवून घेतलं. निघताना जिन्यापर्यंत सोडायला आले. काका तोंड उघडं ठेवून ऐकत होते. सरांचा ग्लास अर्ध्यात थांबला होता. आम्हा तिघांना माहीत होतं की तो प्रत्येक शब्द खोटा बोलतोय, आणि तो खोटा आहे हे सांगायला आम्हाला तोंड नव्हतं.

शेवटी तो म्हणाला की साहेबांनी एक निरोप दिलाय. नाशिकचे एवढे कवी एकत्र बसतात हे ऐकून ते फार खूश झाले. सगळ्यांच्या कविता मिळून एक मोठा संग्रह काढू म्हणाले. "हस्ताक्षरातल्या मूळ वह्याच पायजेत म्हणले. हस्ताक्षर बघूनच कवी कळतो म्हणले. मी गोळा करून पाठवून देतो."

त्या दिवशी खाली उतरताना सर माझ्या कानाशी म्हणाले की लाज झाकण्यासाठी रचतोय, रचू दे, दोन आठवड्यांत थांबेल. तो थांबला नाही. एकेकाच्या घरी जाऊन त्याने वह्या गोळा केल्या. काकांनी त्याच संध्याकाळी आपली नोंदवही नव्या फडक्यात बांधून दिली. मी ठरवलं होतं की झेरॉक्स काढून द्यायची. पण तो गुरुवारी दुपारी न सांगता ऑफिसात आला. माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि टाइपरायटरकडे पाहत राहिला. बसा म्हटलं तर बसला नाही.

"वही देता ना, भाऊ?" तो म्हणाला.

माझी वही ड्रॉवरमध्ये होती. आता जे लिहितोय ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. ती मी दिली ती नुसती पकडला जाईन या भीतीने नाही. त्या रविवारपासून माझ्या मनात एक वेडा विचार येऊन बसला होता. त्याने सगळं इतकं तपशिलात सांगितलं होतं की मला वाटायला लागलं, कुणी सांगावं, तिथे खरंच कुणी असेल. मी आकडा अंदाजाने टाकला होता, आणि त्या घरात योगायोगाने खरंच एखादा धोतरातला म्हातारा प्रकाशक राहत असेल. मीच टाइप केलेल्या पत्त्यावर माझा विश्वास बसला. मी ड्रॉवर उघडला आणि सहा वर्षांची वही त्याच्या हातात दिली.

त्यानंतर तो आला नाही. एक रविवार, दोन रविवार, तीन रविवार. काका दर वेळी जिन्याकडे पाहायचे. मी सरांना म्हटलं की वह्यांचं काहीतरी करायला हवं. सरांनी विचारलं, "तू मूळ वही दिलीस? गाढव आहेस." त्यांनी स्वतः टाकाऊ कवितांची झेरॉक्स दिली होती. एजंटाने काहीच दिलं नव्हतं, तो मुळात कविताच करत नव्हता. म्हणजे फसलेल्यांत आम्हा तिघांपैकी मी एकटा होतो, आणि बाकीचे सहा जण बिचारे काहीच न केलेले.

एप्रिलच्या शेवटी मी पिंपळगावला गेलो. स्टोअरच्या बाहेर टेम्पो लागलेले होते, ऊन मरणाचं होतं. आत आहेत म्हणून वॉचमनने सांगितलं. तो मला कचेरीत भेटला असता, पण त्याने निरोप पाठवला की आतच या. जाड दार माझ्या मागे बंद झालं. मी हाफ शर्टात होतो. छतापर्यंत पेट्या रचलेल्या होत्या आणि तो हातात यादी घेऊन मोजत होता. माझ्याकडे न बघता मोजत राहिला. मी उभा राहिलो. दात वाजायला लागले तेव्हा त्याने यादी खाली केली.

मी विचारलं, वह्या कुठे आहेत.

"पोस्टात टाकल्या," तो म्हणाला. "ज्या पत्त्यावरनं मला पत्रं आली, त्याच पत्त्यावर."

"पाठवणाऱ्याचं नाव?"

"काय लिहू? थंडोबा?"

मग त्याने पुण्याची खरी हकीकत सांगितली. आवाज चढवला नाही. बायकोने संपादकासाठी द्राक्षांची पेटी घेतली होती. ती पेटी डोक्यावर घेऊन ते दोघं दिवसभर त्या पेठेत फिरले. दुकानदारांना विचारलं, पोस्टमनला विचारलं. त्या आकड्याचं घरच नव्हतं. दुपारी एका वाड्याच्या ओट्यावर टेकले तेव्हा एका म्हातारीने पाणी दिलं आणि पत्र वाचायला मागितलं. वाचून ती म्हणाली, बाळा, तुझी कुणीतरी मस्करी केली. "बायकोसमोर म्हणली," तो म्हणाला. पेटी त्याने त्या म्हातारीलाच दिली. परतीच्या गाडीत बायको ती पत्रं मांडीवर घेऊन बसली होती. नाशिक आल्यावर तिने विचारलं, टाइप करणारा तुमच्यात कोण हाय?

मी म्हटलं, चूक झाली. थंडीने माझा आवाज हलत होता आणि मला त्याचीच लाज वाटत होती, कारण तो पश्चात्तापासारखा वाटत होता.

तो पुन्हा यादीकडे वळला. मी म्हटलं, पण काकांना यातलं काही माहीत नव्हतं. फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा बदलला. "काका हसत नव्हते का?"

"नाही. त्यांना खरंच वाटत होतं. बाकीच्यांनाही."

सगळे मिळून हसत होते अशी त्याची समजूत होती. मग त्याने दाराचा दांडा ओढला आणि मला बाहेर जायला जागा केली. "तुम्ही सांगा त्यांना," तो म्हणाला. "मी तोंड नाय दाखवणार."

मी काकांना सांगितलं नाही. त्याऐवजी मी त्यांना पत्र टाइप केलं, त्याच संस्थेच्या नावाने. वह्या मिळाल्या, आपल्या कविता विशेष वाटल्या, काम मोठं आहे, धीर धरावा. पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी ते पेटीत टाकायला दिलं. काकांनी ते माइकवर वाचलं. सर माझ्याकडे बघून नुसते हसले, आणि नंतर म्हणाले की आता हे तुझं तू बघ. सहा जण खूश झाले. हळूहळू त्यातले पाच जण विसरले. ते संसारात होते, त्यांनी नव्या वह्या केल्या. सरांची बदली झाली, एजंट मुंबईला गेला, शेठने वरच्या खोलीत टीव्ही लावला आणि रविवार संपले. काका विसरले नाहीत. वर्षातून एकदा मी त्यांना पत्र पाठवत राहिलो. एकदा लिहिलं की कागद मिळत नाही, एकदा लिहिलं की संपादक आजारी आहेत. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा काका म्हणाले की हल्ली त्यांची पत्रं फार सुबक येतात.

मी स्वतः पुन्हा लिहिलं नाही. प्रयत्न केला, पण कागदावर हात ठेवला की मला पत्रच सुचायचं.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर ती इमारत नव्या माणसाने घेतली. काचेचं दार आलं, पब अशी पाटी लागली, आणि गुरुवारी संध्याकाळी तिथे कॉलेजची मुलं कविता वाचू लागली. त्याला ओपन माइक म्हणतात हे मला काकांनी सांगितलं. मुलाने त्यांना पेपरातलं वाचून दाखवलं होतं. तोवर त्यांची नजर गेल्यात जमा होती, तरी मला घेऊन चल म्हणून त्यांनी हट्ट धरला. मी त्यांना रिक्षातून नेलं. वर सगळं बदललं होतं. मुलंमुली जमिनीवर उशा टाकून बसलेली. कुणीही काहीही वाचलं की टाळ्या वाजत होत्या. एका मुलीने काकांना हाताला धरून माइकपाशी नेलं.

काका उभे राहिले. त्यांच्याजवळ कागद नव्हता. कविता पाठ असतील असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी पहिली ओळ म्हटली, पाण्याच्या पातळीबद्दल काहीतरी होतं. मग थांबले. पुन्हा पहिली ओळ म्हटली. पुन्हा थांबले. हाताने हवेत रकाने चाचपावेत तसं केलं. मुलं चांगली होती, कुणी हसलं नाही. बराच वेळ गेल्यावर मुलांनीच टाळ्या वाजवल्या, आणि काकांना वाटलं की आता खाली बसायचं.

परतताना रिक्षात, पंचवटीच्या उतारावर काका म्हणाले, "त्यांना लिही की छापू नका. वही तेवढी परत द्या."

मी शेवटचं पत्र टाइप केलं. स्थलांतरात आपली वही गहाळ झाली, दिलगीर आहोत. एवढ्या वर्षांत मी लिहिलेलं तेवढं एकच वाक्य खऱ्याच्या जरा जवळ होतं. ते पोस्टाने पाठवण्यात अर्थ नव्हता, त्यांना दिसत नव्हतं. मीच घरी जाऊन वाचून दाखवलं. ते कॉटवर बसले होते. म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. सही कुणाची आहे, त्यांनी विचारलं. मी ते रचलेलं नाव घेतलं.

"सज्जन माणूस," काका म्हणाले. "इतकी वर्षं उत्तर देत राहिला."

मग त्यांनी मला कागद घ्यायला सांगितलं. आठवेल तेवढं सांगतो म्हणाले. मी तीन संध्याकाळी बसलो. अकरा ओळी मिळाल्या, त्यातल्याही दोन दुसऱ्याच कुणाच्या तरी अभंगातल्या असाव्यात. चौथ्या संध्याकाळी ते म्हणाले की आता राहू दे. त्या हिवाळ्यात ते गेले.

दहाव्याला मी गोदेच्या घाटावर गेलो. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत माणसं उभी होती. त्या माणसांच्या मागे, जरा लांब, तो पिंपळगावचा उभा होता. बातमी त्याला कशी कळली मला माहीत नाही. केस पांढरे झाले होते. मी जवळ गेलो. त्याने मला ओळखलं, पण मान हलवली नाही. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला की मी स्टोअरवर येऊन गेलो त्याच आठवड्यात तो पुण्याला गेला होता. दोन दिवस पोस्टात बसला होता, साहेबांच्या पाया पडला होता. पत्ता न लागलेली पार्सलं जिथे जातात तिथेही एकाने नेऊन दाखवलं. "काकांची वही नाय सापडली," तो म्हणाला. "त्यांच्या घरापर्यंत तीनदा आलो. दार नाय वाजवलं."

मी विचारलं, लिहिता का अजून. तो नाही म्हणाला.

तेवढ्यात काकांचा मुलगा आमच्याकडे आला. डोकं भादरलेलं, ओलं धोतर. त्याने मला नमस्कार केला आणि म्हणाला की बाबा शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होते, तुम्ही त्यांच्यासाठी फार केलंत. मग त्याने विचारलं, "ते पुण्याचे लोक वही हरवली म्हणतात, पण एवढी वर्षं त्यांच्याकडे होती म्हणजे त्यांनी काही कविता उतरवून घेतल्या असतील ना? पुस्तक निघेल का हो?"

पिंपळगावचा तिथेच उभा होता. मला वाटलं, तो बोलेल. तो बोलला असता तर मी सुटलो असतो. तो पाण्याकडे बघत राहिला.

"चौकशी करतो," मी म्हटलं.

मुलाने हात जोडले आणि तो परत पिंडापाशी गेला. पिंपळगावचा एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने चपला पायात सरकवल्या आणि पायऱ्या चढून गेला. मी कावळा शिवेपर्यंत थांबलो. फार वेळ लागला.

मुलाचे नंतर तीन-चार फोन आले. प्रत्येक वेळी मी सांगितलं की पत्र टाकलंय, उत्तराची वाट बघतोय. पुढे त्याचे फोन यायचे थांबले.